जुळत्या मापांचा इतिहास

इतिहास म्हटला कीं लढाया, तह आणि राजवंशांच्या वंशावळी आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. आम्ही पंचवीस वर्षें वर्गांत हाच इतिहास शिकवीत आलों आहों, आणि त्याबद्दल आम्हांस खेदही वाटत नाहीं. परंतु मनुष्याच्या नित्य व्यवहारावर ज्यांचा पगडा कित्येक तहांहून अधिक बसलेला आहे, असे कांहीं करार कोणत्याही क्रमिक पुस्तकांत सांपडत नाहींत. स्क्रूचा आटा किती अंशांचा असावा, रुळांमध्यें अंतर किती ठेवावें, विजेच्या जोडणीस किती टोकें असावींत, हे ते करार होत. ते मोडल्यानें रक्त सांडत नाहीं. पण माल स्थानकावर अडकून पडतो, यंत्र मुकें राहतें, आणि गरिबाचा पैसा पाण्यांत जातो. अशाच एका कराराचा मागोवा घेण्याचा प्रसंग आम्हांवर अनपेक्षितपणें आला. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं आमच्या महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकणारी एक विद्यार्थिनी हातांत एक कागद घेऊन आमच्याकडे आली. ती सोलापुरच्या पूर्व भागांत राहते. वडील यंत्रमागावर जकार्डच्या चादरी विणतात. शिष्यवृत्तीचे आणि वडिलांच्या बोनसचे पैसे एकत्र करून तिला घरीं संगणक करावयाचा होता. ‘करावयाचा’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतों. कारण तिला तो तयार घ्यावयाचा नव्हता, सुटे भाग आणून स्वतः जुळवावयाचा होता. तेवढ्या पैशांत मिळणारा तयार संगणक आज पुरला असता, पण उद्यां त्यांत भर घालतां आली नसती. सुट्या भागांचा केल्यास आज लहान ठेवून पैसे येतील तसतसा तो वाढवितां येईल, असा तिचा हिशेब होता. यादी तिनें स्वतःच केली होती. “सर, हे सगळं एकमेकांना जुळतंय का, तेवढं बघाल का? एक जरी वस्तू चुकली तरी दुसरी आणायला पैसे नाहीत,” एवढेंच ती म्हणाली.

आम्हांस विद्युत्शास्त्राचा गंध नाहीं, हें आम्हीं तिला तेव्हांच सांगितलें. परंतु दोन कागद एकमेकांशीं जुळतात कीं नाहींत हें पाहणें हा तर इतिहासाच्या अभ्यासकाचा धंदाच होय. तेव्हां प्रत्येक वस्तूबद्दल तिच्या कर्त्यानें काय लिहून ठेविलें आहे तें वाचावें आणि एकाची साक्ष दुसऱ्याच्या साक्षीशीं ताडून पाहावी, असें ठरवून आम्ही त्या कामास बसलों. तें करीत असतां एक प्रश्न मनांत घोळूं लागला. यादींतील एक वस्तु अमेरिकन कंपनीची, दुसरी तैवानची, तिसरी कोरियाची. यांचे कर्ते एकमेकांचे कट्टर स्पर्धक. तरी त्यांच्या वस्तु सोलापुरांतील एका दोन खोल्यांच्या घरांत येऊन एकमेकींत चपखल बसाव्या, हें घडतें तरी कसें? यांना एकमेकांशीं जुळवून घेण्यास कोणीं भाग पाडलें?

न जुळणें म्हणजे काय, हें समजण्यासाठीं सोलापूरकरांस परदेशीं जाण्याची गरज नाहीं. कुर्डुवाडीपर्यंत गेलें तरी पुरे. १८६० सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सोलापुरास आली. तिच्या रुळांमधील अंतर पांच फूट सहा इंच. पुढें होटगीहून विजापूर-गदगकडे सदर्न मराठा रेल्वेचा फांटा गेला, तो मीटर मापाचा. आणि १८९७ सालीं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरानें कुर्डुवाडीहून बार्शीस नेलेली बार्शी लाइट रेल्वे अवघ्या अडीच फुटांची! एकाच जिल्ह्यांत अशीं तीन मापें नांदत होतीं. यांपैकीं प्रत्येक माप आपल्यापुरतें शहाणपणाचेंच होतें. रुंद माप जड मालास सोयीचें, मीटर माप खर्चास हलकें, आणि अरुंद माप त्याहूनही स्वस्त. परंतु सांध्याच्या स्थानकावर हें सारें शहाणपण संपे. बार्शीकडील माल कुर्डुवाडीस एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावा लागे, आणि पंढरपुरास जाणारा वारकरी गांठोडें डोक्यावर घेऊन गाडी बदली. दोष कोणत्याही एका गाडींत नव्हता; तो दोहोंच्या मधल्या जागेंत होता. गंमत अशी कीं, खुद्द कॅलथ्रॉप जुळणीचा मोठा भोक्ता होता. आपल्या लाइनीवरील सर्व वाहनांस दर आंसामागें पांच टन भाराची एकच मर्यादा त्यानें घालून दिली होती, आणि त्यामुळें तेथें कोणतेंही वाहन कोठेंही नेतां येत असे. म्हणजे घरांत एकोपा आणि उंबऱ्याबाहेर बेबनाव! हा बेबनाव मिटविण्यासाठीं भारतीय रेल्वेस १९९२ सालीं एकमाप धोरण हातीं घ्यावें लागलें. आज हे तिन्ही मार्ग रुंद मापाचे आहेत.

कारखान्यांतही हीच कथा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत प्रत्येक कारखान्याच्या स्क्रूचा आटा निराळा असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ यानें अनेक कारखान्यांतून नमुने गोळा केले, त्यांची सरासरी काढली, आणि १८४१ सालीं पंचावन्न अंशांचा एक आटा सुचविला. तो स्वीकारला गेला, कारण तो कोणा एकाचा नव्हता. हाच व्हिटवर्थ तरुणपणीं जोसेफ क्लेमेंट याच्या कारखान्यांत कामास होता, आणि त्याच कारखान्यांत चार्ल्स बॅबेज याच्या गणितयंत्राचे भाग घडविले जात होते. संगणकाच्या पूर्वजाचा आणि जुळत्या मापाच्या जनकाचा असा एकाच छपराखालीं योग आला होता. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यास आमचें मन घेत नाहीं.

घरीं केलेला संगणक ही गोष्टही आपल्याकडे अगदीं नवी नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुणांच्या एका लहानशा पथकानें १९५६ सालीं एक प्रायोगिक यंत्र चालवून दाखविलें आणि १९६० सालीं पूर्ण आकाराचें यंत्र उभें केलें. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफरॅक’ असें नामकरण केलें. त्याच्या स्मृतींत २०४८ शब्द मावत, आणि प्रत्येक शब्द चाळीस द्विमान अंकांचा असे. आमच्या विद्यार्थिनीच्या यादींतील रॅमची बोटभर रुंदीची पट्टी त्याच्या आठ लक्षांहून अधिक पट माहिती धरते. परंतु त्या पथकापुढें जो प्रश्न नव्हता तोच आमच्यापुढें होता. त्यांना जुळणीची चिंता नव्हती. कारण व्हॉल्व, रोधक असे सुटे घटक मिळाले तरी त्यांपासून होणारे सारे विभाग त्यांचे त्यांनींच आंखले होते, आणि एक विभाग दुसऱ्याशीं जुळेल असाच केला होता. उलट, त्यांतला एकही विभाग काढून दुसऱ्या यंत्रास लावतां आला नसता. तें यंत्र एकट्याचें होतें, जसें एखाद्या गांवचें खासगी माप असावें तसें.

हौशी गृहस्थाच्या घरांत संगणक आला तो १९७५ सालीं. त्या वर्षाच्या जानेवारींत एका अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ या यंत्राचें चित्र झळकलें. तें सुट्या भागांच्या पेटीच्या रूपानें टपालानें येई आणि घेणाऱ्यानें स्वतः डाग देऊन जोडावयाचें असे. त्याच्या अंगीं शंभर टोकांची एक जोडणी होती, आणि तींत कोणींही केलेली पट्टी बसवितां येई. थोड्याच दिवसांत इतर कारखानदार त्या जोडणीसाठीं पट्ट्या करूं लागले, आणि मूळ यंत्र मागें पडल्यावरही ती जोडणी कांहीं वर्षें जगली. यंत्राहून त्याचा सांधा दीर्घायुषी ठरतो, हा नियम आम्हांस येथें प्रथम दिसला; पुढें तो वारंवार दिसणार होता.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएम या बलाढ्य कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला. एरव्हीं ही कंपनी बहुतेक सर्व भाग घरींच करी. परंतु या वेळीं तिला घाई होती. फ्लॉरिडांतील तिच्या पथकास सुमारें एका वर्षांत यंत्र तयार करावयाचें होतें. म्हणून त्यांनीं प्रोसेसर इंटेलचा घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली, आणि फ्लॉपी-ड्राइव्ह टंडन या कंपनीची घेतली. तिचा संस्थापक भारतांतून गेलेला गृहस्थ होता. इतकेंच नव्हे, तर दुसऱ्यांनीं या यंत्रासाठीं पट्ट्या कराव्या म्हणून त्यांनीं सर्व विद्युत्-आकृति छापून प्रसिद्ध केल्या. औदार्य हें त्याचें कारण नव्हतें. कारण होतें घाई आणि धंदा. तरीपण इतिहासांत हेतूपेक्षां परिणाम मोठा ठरतो. ज्या दिवशीं मापें छापून प्रसिद्ध झालीं, त्या दिवशीं तीं आयबीएमचीं राहिलीं नाहींत.

एक किल्ली मात्र त्या कंपनीनें आपल्या कंबरेला ठेविली होती. यंत्र सुरू होतांच प्रथम जागी होणारी आणि सर्व भागांची ओळख करून घेणारी जी लहानशी आज्ञावली मदरबोर्डावर कायमची कोरलेली असते, तिला ‘बायॉस’ म्हणतात. तीही पुस्तकांत छापलेली होती. परंतु ती वाचण्याची मुभा होती, उतरून घेण्याची नव्हती. कॉम्पॅक नांवाच्या नव्या कंपनीनें यावर मोठी नामी युक्ति काढली. एका गटानें मूळ आज्ञावली अभ्यासून ती काय काय करते तेवढें टिपून ठेविलें. आणि जिनें मूळ अक्षरही पाहिलेलें नाहीं अशा दुसऱ्या मंडळीनें त्या टिपणावरून नवी आज्ञावली लिहिली. १९८२ च्या नोव्हेंबरांत जाहीर झालेलें त्यांचें यंत्र पुढल्या वर्षीं विकूं लागलें. १९८४ सालीं फिनिक्स या कंपनीनें अशीच स्वतंत्र आज्ञावली करून ती मागेल त्याला विकण्यास आरंभ केला, आणि किल्ली बाजारांत आली. तेथून पुढें संगणक जुळविणें हा कोणाही कसबी माणसाचा उद्योग झाला.

आयबीएमनें दार पुन्हां लावून घेण्याचा प्रयत्न केला नाहीं असें नाहीं. १९८७ सालीं तिनें ‘मायक्रो चॅनेल’ नांवाची नवी जोडणी काढली. ती गुणांनीं सरस होती; पण जुन्या पट्ट्या तींत बसत नसत, आणि ती वापरूं इच्छिणाऱ्यास परवान्याचें शुल्क भरावें लागे. पुढल्याच वर्षीं नऊ प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं एकत्र येऊन जुन्या पट्ट्या सामावून घेणारी दुसरी जोडणी जाहीर केली. पुढें त्यांची जोडणीही फारशी पसरली नाहीं. पण मायक्रो चॅनेलचा मार्ग मात्र कायमचा खुंटला. सरस वस्तु हरली, आणि जुळणारी वस्तु जिंकली. मात्र यावरून सत्ता नाहींशी झाली असें कोणीं समजूं नये. ती फक्त दुसऱ्या घरीं गेली. १९९२ नंतर पट्ट्यांची जोडणी आणि १९९५ पासून मदरबोर्डाचा आकार हीं दोन्ही मापें इंटेलच्या घरून येऊं लागलीं. त्या काळीं इंटेल, एएमडी आणि सायरिक्स अशा तीन कंपन्यांचे प्रोसेसर एकाच बैठकीवर बसत. १९९७ सालीं इंटेलनें आपली बैठक निराळी केली, आणि तेव्हांपासून भावांच्या चुली वेगळ्या झाल्या त्या झाल्याच. आज कोणतीही यादी करितांना “प्रोसेसर कोणाचा?” हा प्रश्न पहिला विचारावा लागतो, तो या वाटणीमुळें.

हा इतिहास केवळ कागदावरचा नाहीं; यंत्राच्या प्रत्येक खांचेंत तो कोरलेला आहे. १९९५ पूर्वींच्या मदरबोर्डास वीज देणाऱ्या दोन जोडण्या शेजारीं शेजारीं असत, आणि त्यांची अदलाबदल होण्याचा धोका असे. दोहोंच्या काळ्या तारा मध्यभागीं एकमेकींस लागून याव्यात, हा नियम जुने कारागीर मंत्रासारखा पाठ करीत. तो चुकला तर बोर्ड जळण्याचें भय असे. १९९५ च्या एटीएक्स मापानें या दोहोंची एकच जोडणी केली, आणि ती उलटी बसणारच नाहीं असा तिचा आकार ठेविला. रॅमच्या पट्टीवरील खांचही अशीच बोलकी. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन पिढ्यांच्या पट्ट्यांस टोकें २८८ च. पण खांच किंचित् सरकविलेली आहे. ती खांच म्हणजे, ‘येथें जोर करूं नका, मी या घरची नव्हे,’ असें सांगणारी मुकी पाटीच होय. आणि १९९६ सालीं आलेली यूएसबी ही जोडणी, जिच्या घडणींत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत शिकलेल्या अजय भट्ट यांचा मोठा वांटा आहे, ती ठरविणाऱ्या कंपन्यांच्या यादींत आयबीएम आणि कॉम्पॅक हीं दोन्ही नांवें एकत्र दिसतात. एके काळचे वैरी एका करारावर सह्या करितात, हें तहांच्या इतिहासांत नवें नाहीं.

आपल्या देशांत हा प्रवाह कांहींसा उशिरां आला. १९७८ सालीं आयबीएमनें भारतांतून आपला गाशा गुंडाळला. १९८४ च्या नोव्हेंबरांतील नव्या संगणक-धोरणानें आयातीचे निर्बंध सैल केले. आणि १९९१ नंतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉक्टर भडकमकर मार्ग, सुट्या भागांनीं गजबजून गेला. पुण्याच्या तपकीर गल्लीसही असेच दिवस आले. ‘असेंब्ल्ड’ हा इंग्रजी शब्द मराठी घरांत तेव्हां रुळला. याच सुमारास पुण्यांत याच तत्त्वाचा एक भव्य प्रयोग झाला. अमेरिकेनें महासंगणक देण्यास नकार दिल्यावर १९८८ सालीं सीडॅक ही संस्था स्थापन झाली, आणि विजय भटकर यांच्या मार्गदर्शनाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ तयार झाला. त्याचें वर्म असें कीं, एकच अजस्र प्रोसेसर मिळत नाहीं म्हणून रडत न बसतां, बाजारांत मिळणारे ट्रान्सप्युटर नांवाचे लहान प्रोसेसर मोठ्या संख्येनें एकमेकांस जोडून त्यांच्याकडून एकदिलानें काम करविलें. हे ट्रान्सप्युटर मुळांत एकमेकांस जोडले जाण्यासाठींच घडविलेले होते. निवड करणाऱ्यांची नजर नेमक्या त्या गुणावर गेली.

आतां त्या यादीकडे वळूं. इतिहास वाचल्यावर क्रम आपोआप स्पष्ट झाला: ज्या मापावर सत्ता सर्वांत कडक, तें आधीं ठरवावें, जें माप सर्वांस खुलें, तें शेवटीं. म्हणून प्रथम प्रोसेसर. चित्रासाठीं निराळें कार्ड घेण्याइतके पैसे नव्हते. तेव्हां पडद्यावर चित्र उमटविण्याची सोय पोटांतच असलेला प्रोसेसर घेणें प्राप्त होतें, कारण कांहीं प्रोसेसरांत ती नसते. मग त्याच्याच बैठकीचा मदरबोर्ड. मग बोर्ड ज्या पिढीची रॅम मागतो त्या पिढीची एक पट्टी, आणि दुसरीसाठीं रिकामी जागा. साठवणुकीच्या लहान पट्टीची जी ‘एम.२’ नांवाची खांच असते ती फसवी आहे. दिसण्यांत एक, पण कांहीं खांचांना एकच भाषा समजते आणि कांहींना दोन. म्हणून आकार न पाहतां बोर्डाचें टिपण पाहावें. त्यानंतर वीज पुरविणारा एसएमपीएस. येथें सर्व भागांच्या वॅटांची बेरीज करून वर पुरेशी शिल्लक ठेवावी, आणि स्वस्ताच्या मोहास बळी पडूं नये, कारण हा एक बिघडला तर बाकीच्यांस घेऊन बुडतो. शेवटीं कॅबिनेट. तिचा बोर्ड २४४ मिलिमीटर चौरस, म्हणजे मायक्रो-एटीएक्स मापाचा होता. ३०५ मिलिमीटर लांबीच्या पूर्ण एटीएक्स पेटींत तो बसतो, उलट मात्र होत नाहीं. तिच्या यादींत दोन वस्तु बदलाव्या लागल्या: रॅम मागल्या पिढीची होती, आणि थंडाव्याचा पंखा पेटीच्या रुंदीहून उंच होता.

पाडव्याच्या दुपारीं तिच्या घरीं, चादरीच्या गठ्ठ्यावर पेटी ठेवून, तिनें सर्व भाग जोडले. वडील, आई, धाकटा भाऊ आणि आम्ही असे भोंवतीं बसलों होतों. खटका दाबला, पंखा फिरला, आणि पडदा काळाच राहिला. पुन्हां सर्व काढून पुन्हां बसविलें, तरी काळा. त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. रात्रीं घरीं येऊन आम्हीं बोर्डाचें टिपण पुन्हां वाचलें, तेव्हां प्रोसेसराच्या नांवासमोर बारीक अक्षरांत एक आंकडा दिसला: हा प्रोसेसर अमुक आवृत्तीच्या बायॉसपासून पुढें चालेल! बैठक तीच, टोकें तींच. पण बोर्डावर कोरलेली आज्ञावली प्रोसेसर जन्मण्यापूर्वींची होती, आणि ती या नव्या पाहुण्यास ओळखतच नव्हती. ज्या मनुष्यानें जन्मभर विद्यार्थ्यांस ग्रंथाची आवृत्ति पाहिल्याखेरीज आधार देऊं नका म्हणून बजावलें, त्यानेंच आवृत्ति पाहिली नव्हती. दोष दुकानाचा नव्हता, मुलीचा नव्हता. तो सर्वस्वी आमचा होता, आणि दुसऱ्या दिवशीं आम्हीं तो तिच्या घरीं जाऊन कबूल केला.

दुकानदारानें एक जुना प्रोसेसर घटकाभर त्या बोर्डावर बसविला, नवी आवृत्ति भरली, आणि जुना काढून नवा ठेविला. पडदा उजळला. त्यानें एक पैसाही घेतला नाहीं. परत येतांना वडिलांनीं आम्हांस आपल्या मागापाशीं नेलें. डोक्यावर जकार्डची चौकट, तिच्यावरून फिरणारी भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ, आणि खालीं उमटत जाणारा मोर. “आमच्याकडं पण असंच हाय की सर,” ते म्हणाले. “पुठ्ठा त्या मशिनीच्या सुयांना जुळला पाहिजे. दुसऱ्या मापाचा पुठ्ठा चढवला तर मोराचं कोंबडं होतंय. पोरीनं मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, आधी पुठ्ठा कुठल्या मशिनीचा ते बघ म्हणून.” आम्ही हंसलों; पण मनांत चपापलों. १८०४ च्या सुमारास लिआं येथें जाकार यानें सिद्ध केलेली हीच युक्ति पाहून बॅबेजनें आपल्या यंत्रास पुठ्ठ्यांवरून आज्ञा देण्याची कल्पना केली. जाकारचें चोवीस हजार पुठ्ठ्यांनीं विणलेलें रेशमी चित्र त्याच्या संग्रहीं होतें. जें सत्य आम्हीं पुस्तकांतून शोधीत होतों, तें त्या घराच्या मागावर रोज विणलें जात होतें; आणि तें विचारण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें.

या सर्व इतिहासाचें तात्पर्य आम्हांस असें दिसतें कीं, सामान्य गृहस्थाचें स्वातंत्र्य पुष्कळदां छापील मापावर अवलंबून असतें. माप प्रसिद्ध असेल तर कुर्डुवाडीचा हमाल, लॅमिंग्टन रोडचा कारागीर आणि पूर्व भागांतील विद्यार्थिनी यांना मोठ्यांच्या परवानगीवांचून आपलें काम करितां येतें. माप गुप्त असेल, किंवा भागच एकमेकांस कायमचे डाग देऊन टाकलेले असतील, तर वस्तु आपण विकत घेतली तरी ती आपली होत नाहीं. आज कित्येक बारीक लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच जडविलेली असते. ती वाढविण्याचा प्रश्नच उरत नाहीं. अशा यंत्रांचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. परंतु घरांत नवी वस्तु आणितांना ती किती वेगवान आहे याबरोबरच, ती कशाशीं जुळते आणि उद्यां तींत काय बसवितां येईल, हेंही विचारण्याची संवय सुशिक्षित कुटुंबांनीं लावून घ्यावी, एवढें मात्र आम्ही आग्रहानें सांगूं.

त्या मुलीनें दुसरी रॅमची पट्टी उन्हाळ्याच्या सुट्टींत शिकवण्या करून घेतली. बसविण्यापूर्वीं तिनें पिढी पाहिली, खांच पाहिली, आणि बोर्डाचें टिपण पुन्हां एकदां वाचलें. पट्टी पहिल्याच प्रयत्नांत बसली. आम्हांस बोलावण्याची तिला गरज पडली नाहीं.